निळ्या फुलाचं हिमालयातलं गोत

मुलांनो, परदेशी बागांची चित्रं असलेलं एखादं कॅलेंडर तुमच्या घरी कधीतरी आलं असेल. त्यात वसंताच्या पानावर बहुतेक वेळा एक फूल असतं. जमिनीलगत सुरकुतलेल्या पानांचा झुबका, आणि मधोमध फिक्या पिवळ्या फुलांची दाटी. हे फूल म्हणजे प्रिम्युला. लॅटिनमध्ये 'प्रायमस' म्हणजे पहिला. थंडी सरते न सरते तोच हे फुलतं, म्हणून हे नाव.

आता नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीच्या एखाद्या अंगणात हे फूल लावता येईल का? खरं सांगायचं तर, नाही. प्रिम्युलाला गारवा लागतो, मुळाशी कायम ओल लागते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. तिथे या बिचाऱ्याचा काय टिकाव लागणार! वर सातपुड्यात तोरणमाळला नेलं तरी उंची भरते साधारण 1150 मीटर. हिमालयातली प्रिम्युला बहुतेक त्याच्याही बरीच वर राहते.

पण हिरमुसू नका. याच फुलाचं एक सख्खं नातलग आपल्या गव्हा-हरभऱ्याच्या शेतात येतं, आणि आपण ते तण म्हणून उपटून टाकतो. त्याच्याकडे वळूच. आधी हिमालयातल्या मंडळींची ओळख करून घेऊ.

जगात प्रिम्युलाच्या चारशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या पुष्कळशा हिमालयात आणि चीनच्या डोंगरांत राहतात. 'डेंटिक्युलाटा' नावाची जात बर्फ वितळलं की कुरणांत उगवते. एका उभ्या दांड्यावर जांभळ्या फुलांचा गोल चेंडू! 'रोझिया' ओढ्याकाठच्या चिखलात गुलाबी फुलते. 'सिक्किमेन्सिस'ची पिवळी फुलं घंटेसारखी खाली लोंबतात. आल्प्स पर्वतातल्या 'ऑरिक्युला'ची तर तऱ्हाच वेगळी. तिच्या काही प्रकारांच्या पानाफुलांवर पिठासारखी पांढरी भुकटी असते. पावसाने ती धुऊन जाते, म्हणून इंग्लंडमधले हौशी लोक तिच्या कुंड्या छपराखाली, फळ्यांवर ओळीने मांडत आणि त्या मांडणीला चक्क 'थिएटर' म्हणत. फुलांचं नाटक, तिकीट नाही!

प्रिम्युलाची सगळ्यात मोठी गंमत मात्र फुलाच्या नळीत लपलेली आहे. काही झाडांच्या फुलात डोकावलं तर तोंडाशी टाचणीच्या डोक्यासारखी कुक्षी दिसते आणि पुंकेसर खाली दडलेले असतात. दुसऱ्या झाडाच्या फुलात नेमकं उलटं. पुंकेसर तोंडाशी, कुक्षी खाली. इंग्रज माळी पहिल्याला 'टाचणी' म्हणत, आणि दुसऱ्याला मागावर उरलेल्या सुताच्या दशांचं नाव देत. हे असं का, ते कोडं चार्ल्स डार्विनने सोडवलं. एका प्रकारातले पुंकेसर ज्या उंचीवर, त्याच उंचीवर दुसऱ्या प्रकारातली कुक्षी. कीटकाच्या अंगाला जिथे पराग लागतो, तिथूनच तो पुढच्या, वेगळ्या प्रकारच्या फुलात पुसला जातो. अशा संकरातून बी जास्त धरतं, हे त्याने स्वतः परागीकरण करून, बिया मोजून दाखवलं. 1862 मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. या कामाने मिळालं तेवढं समाधान दुसऱ्या कुठल्या शोधाने मिळालं नाही, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. जगप्रसिद्ध माणूस, आणि खूश कशावर? बोटभर फुलावर!

आता आपल्या शेतात या. हिवाळ्यात, पिकाच्या ओळींमध्ये, जमिनीलगत पसरलेलं एक नाजूक रोप शोधा. दांडा बोटांत फिरवून पाहा, चौकोनी लागेल. पानं समोरासमोर, खालच्या बाजूला बारीक काळे ठिपके. फूल शर्टाच्या बटणाएवढं, गडद निळं, मधे जांभळट डोळा. हेच ते! शास्त्रज्ञ त्याला 'अॅनागॅलिस' म्हणत आले, हिंदीत 'कृष्णनील' किंवा 'जोंकमारी' म्हणतात. युरोपात ते बहुधा विटकरी रंगाचं असतं. ऊन असेल तर सकाळी उमलतं, दुपार कलली की मिटतं, आभाळ भरून आलं तर लवकरच दार लावून घेतं. म्हणून तिकडचे खेडूत त्याला गरिबाचं हवामानयंत्र म्हणत.

हे प्रिम्युलाच्याच घराण्यातलं कशावरून? भिंग घ्या आणि एक मिरचीचं फूलही तोडून आणा. मिरचीत प्रत्येक पुंकेसर दोन पाकळ्यांच्या मधल्या फटीसमोर असतो. निळ्या फुलात मात्र तो बरोबर पाकळीच्या पुढ्यात उभा असतो. हीच या घराण्याची खूण, हिमालयात आणि कळसाडीत सारखीच. (आईला एक सांगा: तान्ह्या बाळाला पाण्यात उकळून देतात ते वावडिंगही आता याच कुळात धरतात. 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी कुळांची नवी मांडणी केली तेव्हापासून.)

हे रोप विषारी आहे, गुरांनासुद्धा. तोंडात घालू नका, हाताळल्यावर हात धुवा.

आणि लावायचं असेल तर? फूल गळलं की देठ खाली वाकतो आणि ज्वारीच्या दाण्याएवढं गोल फळ धरतं. वाळलं की मधोमध चीर पडून त्याचं वरचं झाकण डबीसारखं निघतं. त्याच्या आत बारीक तपकिरी बी असतं. ते कागदाच्या पुडीत ठेवा आणि दिवाळीनंतर कुंडीतल्या भुसभुशीत मातीवर पेरा. वर मातीचा थर नको, नुसतं हाताने दाबा. पाणी शिंपडूनच द्यायचं. आणि कुंडीतली फळं पिकण्याआधी वेचून घ्या बरं का, नाहीतर बी वाफ्यात पडेल आणि पुढच्या वर्षी निंदणीला बाबा तुम्हालाच बसवतील.