कोरल पांढरं पडलं? लगेच बाटली विकू नका!

दुबईतल्या एका मराठी ग्राहकाचा व्हिडिओ कॉल आला. "दादा, टँकमधलं कोरल पांढरं पडलं, कुठलं औषध टाकू?"

म्हटलं, आधी जवळून दाखवा. पांढऱ्यावर पारदर्शक मांस, बारीक तोंडं दिसत होती. म्हणजे जिवंत होतं! त्याला रंग आणि अन्न देणारं आतलं सूक्ष्म शेवाळ तेवढं बाहेर पडलं होतं. नुसता सांगाडा उरला असता तर खेळ खल्लास. पाणी किती? 30 अंश. वर नवा एलईडी, पहिल्याच दिवसापासून फुल! पाणी हळूहळू 26 वर आणा, लाइट निम्मा करा, आठवड्याला थोडा वाढवा. उन्हाळ्याआधी चिलर तपासा.

माझी विक्री शून्य. दोन महिन्यांनी रंग परतला, त्याचे दोन मित्र सल्ल्याची फी भरून आले.

मी सल्लाच विकतो, कोरल नाही. भारतात ती वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत.