गंजलेला व्हर्निअर भंगारात देऊ नका



गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीवरच्या मोटरीचे बेअरिंग गेले. नवे टाकले, तर आठ दिवसांत पुन्हा घरघर सुरू. इकडे उसाने माना टाकलेल्या. मोटर दुरुस्तीवाला म्हणाला, "शाफ्ट झिजला असेल, पण मोजल्याबिगर काय सांगू?" तेव्हा वडिलांचा व्हर्निअर आठवला. खोलीत पोटॅशच्या गोण्यांशेजारी पडलेला, लालभडक गंजलेला! खताला ओल सुटते आणि त्यातला क्षार लोखंड खातो.

मी पॉलिशपेपर काढला. शेजारचे आप्पा भुसावळला रेल्वेत फिटर होते. ते ओरडले, "भाऊ, गंज काढ, माप काढू नको!" व्हर्निअरच्या जबड्यांवरून थोडे लोखंड गेले, की माप कायमचे चुकते. चिंच-लिंबूही नको, आंबट पदार्थ पोलाद खातो.

मग आप्पांनी दाखवले तसे केले. स्क्रू सैल करून सरकता भाग काढला. आतली बारीक पट्टी हरवू नये म्हणून ताटलीत ठेवली. सगळे रात्रभर रॉकेलमध्ये बुडवले. रॉकेल नसेल तर डिझेल चालते. सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने आणि सुती फडक्याने पुसले. आकड्यांवरचा डाग शाळेच्या खोडरबराने काढला. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब.

आता परीक्षा. जबडे मिटून उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसू नये आणि दोन्ही शून्ये जुळावीत. नंतर नवे ६२०५ नंबरचे बेअरिंग मोजा. त्याचे भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२. आमचे माप बरोबर आले.

ज्या व्हर्निअरवर ४९ मिलिमीटरचे ५० भाग केलेले असतात, त्यावर ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येते. ही युक्ती १६३१ साली पिएर व्हर्निए या फ्रेंच माणसाने मांडली, नाव त्याचेच.

शाफ्ट मोजला तर २४.८० भरला. पट्टीने हा फरक कळलाच नसता. एवढ्याशा झिजेने बेअरिंग शाफ्टवर फिरत होते. आणखी दहा बेअरिंगे टाकली असती तरी गेलीच असती. लेथवर शाफ्ट भरून २५ ला उतरवला आणि संध्याकाळी पाणी सऱ्यांत पोचले.

तेव्हा मंडळी, घरातली जुनी हत्यारे एकदा बाहेर काढा. तेलाचा हात द्या, फडक्यात गुंडाळा आणि खताच्या खोलीपासून लांब ठेवा.