भान आहे तोवरच कागद करा



मागील हंगामात खोडव्याच्या नोंदी घेत आम्ही वसमत तालुक्यातील एका गावी गेलो होतो. फड तुटून गेला होता, उसाचे बिल बँकेत जमा होते. पण घरात वडिलांच्या औषधालाही उसनवारी चालली होती. खाते एकट्या वडिलांचे, आणि लकव्याच्या झटक्याने त्यांचे भान गेलेले. मुलाने पूर्वीचे मुखत्यारपत्र पुढे केले; बँकेने ते मानले नाही. "साहेब, बाप जिता हाय, कागद बी हाय, मग पैसा का मिळंना?" असे त्याने विचारले. आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही ऊसवाली माणसे, वकील नव्हे. म्हणून जाणकारांकडे बसून माहिती घेतली, ती येथे देत आहोत.

भारतीय करार कायदा १८७२, कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन ठिकाणावर राहिले नाही, की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी! इंग्लंडात भान गेल्यावरही चालणाऱ्या मुखत्यारपत्राची सोय २००५ च्या कायद्यात आहे. आपल्याकडे तशी नाही.

नॉमिनीचेही तसेच. कारखान्याच्या शेअरवर लावलेला नॉमिनी सभासदाच्या मृत्यूनंतर उपयोगी पडतो, हयातीत नव्हे. आणि सभासदाचे मत तर सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम २७ प्रमाणे त्याने स्वतःच द्यायचे असते.

येथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा. हात चालत नाही पण समज शाबूत आहे, अशा माणसाची वाट बंद नाही. बँकेत दोन साक्षीदारांसमोर त्याचा अंगठा चालतो. त्यातला एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. दस्तनोंदणीसाठी अर्ज दिल्यास दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात.

समजच गेली, तर मात्र वाट लांबची. मानसिक आरोग्य कायदा १९८७ मध्ये मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या कायद्यातील नामनिर्देशित प्रतिनिधी फक्त उपचारापुरता आहे. अपंग हक्क कायदा २०१६ मध्ये मर्यादित पालकाची सोय आहे, पण तेथे दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा. कोमातला माणूस काय निर्णय घेणार? म्हणून अशा घरांना उच्च न्यायालय गाठावे लागते. २०२० साली मुंबई उच्च न्यायालयाने बेशुद्धावस्थेतील एका गृहस्थाच्या पत्नीला पालक नेमले. आपल्या भागासाठी खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

या फेऱ्यात पडू नये म्हणून धडधाकट असतानाच काय करावे?

१. बिलाचे खाते पत्नी वा मुलासह जोडखाते करावे; दोघांपैकी कोणाच्याही सहीने पैसे निघतील अशी सूचना बँकेला लेखी द्यावी.

२. दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावे. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

३. वाटणी करायची तर सर्वांच्या संमतीने, महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे करून घ्यावी.

४. बक्षीसपत्र देताना सांभाळ करण्याची अट लेखात लिहावी. तशी अट असून सांभाळ झाला नाही, तर ज्येष्ठ नागरिक कायदा २००७, कलम २३ खाली ते रद्द करून घेता येते.

एक गोष्ट मात्र कोणीही करू नये. भान नसलेल्या बापाचा अंगठा कागदावर टेकवू नये. असा दस्त कायद्यात टिकत नाही, आणि भावाभावांत जन्माचे वैर उभे राहते.

वाफसा गेल्यावर तिफण चालत नाही, हे आपणास आम्ही काय सांगावे? या दिवाळीला घरातली वडीलधारी, लेकी-सुना सगळे बसलेले असताना हा विषय काढावा, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी