मुंबई विधानसभेची वाढलेली मुदत : १९३७ ते १९४६

विधानसभेची मुदत म्हणजेच तिच्या कार्याचा काळ, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. मुंबई प्रांताच्या पहिल्या विधानसभेचे उदाहरण या गृहीतास बाध आणणारे आहे. १९३५ च्या कायद्यान्वये १७५ सभासदांची ही सभा १९३७ साली निवडून आली. तिची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षांची होती. नोव्हेंबर १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि कलम ९३ अन्वये गव्हर्नरांनी विधिमंडळाचे अधिकार आपल्या हाती घेतले. सभा मात्र विसर्जित झाली नाही. पुढे १९४१ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून युद्धकाळात निवडणुका लांबणीवर टाकण्याची सोय केली. नव्या निवडणुका झाल्या त्या १९४६ साली. म्हणजे एका निवडणुकीपासून दुसरीपर्यंत नऊ वर्षे लोटली, पण मंत्रिमंडळासह सभेचे कामकाज झाले ते जेमतेम सव्वादोन वर्षे. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडलेले खोतीनिर्मूलनाचे विधेयक या अवधीत संमत झाले नाही, आणि त्यानंतर त्याचा विचार करावयास सभाच भरेना. कोकणातील कुळांना खोतीनिर्मूलनाच्या कायद्यासाठी १९४९ पर्यंत वाट पाहावी लागली. सभासदांच्या कारकीर्दीचे मूल्यमापन करताना अभ्यासकाने मुदतीची वर्षे बैठकींच्या तारखांशी ताडून पाहावीत, ती याचसाठी.