डब्यावरच्या बारीक अक्षरांची जबाबदारी

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील सहाव्या प्रकरणाने ‘उत्पादन-दायित्व’, म्हणजे सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास भरपाई देण्याचे बंधन, स्वतंत्रपणे मांडले, आणि 20 जुलै 2020 पासून अंमलात आलेल्या या प्रकरणाच्या कलम 84 नुसार वस्तूच्या योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा गैरवापराविषयीचा इशारा सोबत नसणे एवढ्यावरूनही उत्पादक जबाबदार ठरू शकतो.

माहूरसारख्या कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात या तरतुदीचे मोल फार मोठे आहे. लगतच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वेळी हे कलम नव्हते. दोन मृतांच्या पत्नी आणि बचावलेला एक शेतकरी यांनी 2021 मध्ये कीटकनाशक बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध दावा लावला तो स्वित्झर्लंडमधील बाझलच्या न्यायालयात, आणि कंपनीने आरोप नाकारले.

अर्थात कीटकनाशकांवरील मजकुराला 1968 च्या कायद्याचे व 1971 च्या नियमांचे बंधन आधीपासूनच आहे: विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा वा हिरवा चौकोन, विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार व उतारा सांगणारे माहितीपत्रक, आणि तेही प्रादेशिक भाषेसह. आवश्यक इशारा नसलेला माल ‘खोट्या छापाचा’ ठरतो व त्याची विक्री हा गुन्हा होतो.

हा मजकूर लिहिणाऱ्या तंत्रलेखकाचे नाव मात्र कायद्यात कोठेही येत नाही. तो नोकर असेल तर त्याच्या चुकीची भरपाई सहसा मालकाच्या माथी येते, कारण कामाच्या ओघात घडलेल्या चुकीला मालक उत्तरदायी असतो. स्वतंत्रपणे काम करणारा असेल, तर नुकसान भरून देण्याची हमी त्याने करारात लिहून दिली आहे काय, यावर पुष्कळ अवलंबून राहते.

खरी अडचण ग्राहक संरक्षण कायद्याच्याच कलम 87 मध्ये आहे. मालकाने कामाच्या ठिकाणी वापरण्यासाठी वस्तू विकत घेतली असेल आणि इशारा त्या मालकाला दिलेला असेल, तर इशाऱ्याच्या अभावाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरता येत नाही. कृषी सेवा केंद्रातून डबा आणतो शेतकरी, पाठीवर पंप घेतो रोजंदारीचा मजूर, आणि माहितीपत्रक बहुधा त्याच्या हाती पडतच नाही. म्हणून सूचना ‘पुरेशा’ होत्या की नाही हे फवारणाऱ्याच्या बाजूनेच तपासले गेले पाहिजे, आणि शेतमजुरीच्या कामाला हा अपवाद लागू करण्यापूर्वी ग्राहक आयोगांनी फार सावधपणे विचार केला पाहिजे.