मार्चएंडची शाळा

तीस पटापर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला १०,००० रुपये मंजूर होतात. पट तीसच्या वर गेला की २५,०००, शंभराच्या वर ५०,०००, अडीचशेच्या वर ७५,००० आणि हजाराच्या वर एक लाख. कागदोपत्री याचं नाव संयुक्त शाळा अनुदान. खडू, हजेरीपट, विजेचं बिल, गळकी तोटी, तुटलेली कडी असं सगळं याच्यातच बसवायचं, आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालवायचे. मी पाहतो त्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, बहुतेक शाळा पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या. बाहेरच्या माणसाला वाटेल, दहा हजारांचा तो हिशेब काय!

पण त्या दहा हजारांत साठ टक्के वाटा केंद्र सरकारचा आणि चाळीस टक्के राज्याचा. म्हणून तपासायलाही सगळे येतात. सनदी लेखापाल येतो, स्थानिक निधी लेखापरीक्षेचे लोक येतात आणि एखाद्या वर्षी महालेखाकारांचं पथकही येतं. त्यांच्यासमोर ठेवायचं काय, तर कीर्द, खतावणी, प्रमाणकांची फाइल, साठा नोंदवही, जडवस्तू संग्रह नोंदवही, समितीचं इतिवृत्त आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आमच्या बोलीतली ‘यूसी’. दोनशिक्षकी शाळेत हे सगळं लिहिणारा माणूस तोच असतो, जो एकाच खोलीत पहिली आणि दुसरी शिकवत असतो.

यूसीच्या फॉर्मवर मान मोडणारे गुरुजी पाहिले की मला हमखास एक मुख्याध्यापक आठवतात. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली त्यांची शाळा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. आमच्याकडे अध्यक्ष पालकांतला आणि सचिव मुख्याध्यापक. खात्यावर सही दोघांची. कायदा अगदी योग्य आहे. फक्त या गावातले पालक दिवाळीला कोयता घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला निघतात ते कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गळीत संपेपर्यंत, परतत नाहीत. अध्यक्षही त्यांच्यातलेच.

एका वर्षी २६ मार्चला संध्याकाळी गटाच्या व्हॉट्सअॅपवर निरोप आला: ‘लिमिट आले आहे. ३० पर्यंत खर्च करून यूसी सादर करावी.’ लिमिट म्हणजे काय, ते सांगतो. पूर्वी अनुदान शाळेच्या खात्यात जमा व्हायचं, पासबुकात दिसायचं. २०२१ मध्ये केंद्र सरकारने एकल नोडल खात्याची पद्धत आणली. पैसा वरच्या एकाच खात्यात राहतो, शाळेचं खातं शून्य शिलकीचं, आणि शाळेला दिसते ती फक्त खर्चाची मर्यादा. ३१ मार्चच्या मध्यरात्री ती मर्यादा उडते. उचल करून खात्यात ठेवून द्यायची जुनी सवय मोडावी म्हणून हे केलं. ती सवय मोडणं गरजेचंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वर्षानुवर्षं पैसा खात्यात झोपून राहायचा आणि व्याजाचाही हिशेब लागायचा नाही, हे मी पाहिलेलं आहे.

तर लिमिट आलं. संगणकावर आधी ‘मेकर’ने बिल भरायचं, मग ‘चेकर’ने ते मंजूर करायचं, पेमेंट अॅडव्हाइसचा कागद छापायचा, त्यावर अध्यक्ष-सचिवांच्या सह्या घ्यायच्या आणि तो बँकेत द्यायचा. त्या आठवड्यात राज्यातल्या सगळ्या शाळा एकाच पोर्टलवर बसलेल्या. चक्र फिरत राहतं, ओटीपी येईपर्यंत पान बंद होतं. आमचे गुरुजी रात्री दोन वाजता उठून लॉगिन करायचे, तेव्हा कुठे पान उघडायचं. कागद छापून झाला. अध्यक्ष मात्र कोल्हापूरकडच्या एका फडात.

उपाध्यक्षांची सही चालेना, कारण बँकेत नमुना सही अध्यक्षांची. गुरुजींनी कागद प्लास्टिकच्या फायलीत घातले आणि रात्रीची एसटी धरली. सकाळी मुकादमाला फोन लावत लावत कोप्या शोधल्या. अध्यक्ष फडात होते, हात उसाच्या पाचटाने चिरलेले. ते म्हणाले, ‘‘गुरजी, एका सहीपायी इतक्या लांब आलात व्हय? आवं, तुमीच करायची की.’’ गुरुजी घाबरूनच गेले. आधी कोऱ्या कागदावर तीनदा सही गिरवून घेतली, कारण कोयता धरून ताठरलेल्या हाताची सही बँकेतल्या नमुन्याशी जुळली नसती तर सगळी खेप वाया. मग खऱ्या कागदांवर सह्या झाल्या. अध्यक्षांच्या बायकोने काळा चहा दिला आणि गावाकडे आजीपाशी ठेवलेल्या मुलीची चौकशी केली, ‘‘वाचाया येतंय का तिला?’’

३० तारखेला दुपारी कागद बँकेत पोचला. जाण्यायेण्याचं भाडं गुरुजींच्या खिशातून गेलं, कारण त्याला ‘हेड’ नाही.

पुढच्या वर्षी लेखापरीक्षकांनी त्याच खर्चावर आक्षेप काढला, की संपूर्ण खरेदी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झाली आहे. आक्षेप नियमातला होता. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीतल्या नियम ६२ मध्ये, वर्षअखेरच्या महिन्यांत खर्चाची झुंबड उडणं हा वित्तीय औचित्याचा भंग मानला आहे. वाचल्यावर गुरुजींनी मला विचारलं, ‘‘साहेब, हा भंग मी केला की लिमिट पाठवणाऱ्यांनी?’’ अनुपालनात हे लिहिता येत नाही. ‘निधी विलंबाने प्राप्त झाल्याने’ एवढंच लिहायचं असतं. तेवढंच लिहिलं.

लेखापरीक्षकांबद्दल शिक्षकांत फार वाईट बोललं जातं. मला भेटलेले बरेचसे हुशार होते. आधी ते अर्धसमास देतात, म्हणजे कागदाच्या अर्ध्या भागात प्रश्न आणि उरलेल्या अर्ध्यात शाळेचं उत्तर. समाधान झालं तर तिथेच मिटतं, नाहीतर अहवालात परिच्छेद होतो आणि तो ‘पारा’ मुख्याध्यापकाच्या निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही. पेन्शनच्या कागदांबरोबर जुना पारा वर आलेला मी अनेकदा पाहिला आहे.

सर्व शिक्षा अभियानाच्या काळात प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. तालुक्यातल्या एकाच स्टेशनरीवाल्याकडून पन्नासेक शिक्षकांची बिलं, आणि प्रत्येक बिल बरोब्बर ५०० चं. एक ज्येष्ठ लेखापरीक्षक होते, पान खाऊन आलेले. त्यांनी रकमा पाहिल्याच नाहीत. सगळी बिलं टेबलावर पत्त्यांसारखी मांडली आणि फक्त बिलांचे क्रमांक लावले. ११७ नंबरच्या बिलावर २० मार्च, ११८ वर ५ फेब्रुवारी. ‘‘दुकानदाराचं कॅलेंडर उलटं चालतं का?’’ एवढाच प्रश्न. खोलीत कुणी मान वर केली नाही. बिलं शेवटच्या दिवशी एका बैठकीत फाडून, तारखा अंदाजे टाकल्या होत्या. गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्याहून अधिक शिक्षकांनी तक्ते, कार्ड, घोटीव कागद खरोखरच आणले होते, तेही ५०० पेक्षा जास्तीचे, पण गावातल्या दुकानातून, बिलाशिवाय. साहित्य खरं आणि बिल खोटं, हा प्रकार मी जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा त्याच्या उलटा पाहिला नाही. उलटा पाहिलाच नाही असं मात्र म्हणणार नाही.

गावातल्या दुकानाचा प्रश्न जीएसटी आल्यावर आणखी वाढला. वर्षाला चाळीस लाखांपर्यंत मालाची विक्री असलेल्या किराणावाल्याला नोंदणीची सक्ती नाही. पण तालुक्याच्या लेखाशाखेत कुणीतरी ठरवून टाकलं, की जीएसटी क्रमांक नसलेलं बिल घ्यायचं नाही. मग दोन खराटे आणि फिनेलसाठी गुरुजींनी शाळा सोडून तालुक्याला जायचं. हा नियम कुठल्या पुस्तकात आहे, असं मी विचारलं. पुस्तक निघालं नाही. सरकारी खात्यात न लिहिलेले नियम लिहिलेल्यांपेक्षा जास्त कडक पाळले जातात.

जडवस्तू नोंदवहीची तर वेगळीच दुनिया. १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम सुरू झाली, त्यातून शाळांना विज्ञानपेटी, नकाशे, हत्यारांची पेटी आणि ढोलकीही मिळाली. माझ्या केंद्रातल्या एका शाळेत त्या ढोलकीचं कातडं केव्हाच फाटलं होतं, एका बाजूला वाळवी. पण नोंदवहीत ‘ढोलकी, नग १’ ताठ उभी. निर्लेखन करायचं तर प्रस्ताव, समितीचा ठराव, वरिष्ठांची मंजुरी, लिलाव आणि लिलावाचे पैसे भरल्याचं चलन. त्यापेक्षा ढोलकी सांभाळणं सोपं. बदली झाली की चार्ज देताना जाणारा मुख्याध्यापक खोका उघडून दाखवायचा आणि येणारा सही करायचा. एकदा नव्या बाईंनी विचारलं, ‘‘हे काय आहे?’’ जाणारे सर गंभीरपणे म्हणाले, ‘‘वाजत नाही, पण आहे.’’ त्या शाळेची एक अख्खी खोली अशा भंगाराने भरलेली होती आणि चौथीचा वर्ग व्हरांड्यात बसायचा.

पोषण आहाराचा तांदूळही असाच. पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५०. हजेरी गुणिले ग्रॅम, आलेल्यातून वजा, शिल्लक जुळलीच पाहिजे. पोतं मुळात वजनात कमी भरलं, की उंदरांनी कोपरा कुरतडला, की पावसात खालचा थर भिजला, यासाठी नोंदवहीत रकाना नाही. रिकाम्या पोत्यांचा हिशेब वेगळाच. २०२१ मध्ये बिहारमध्ये सरकारने आहाराची जुनी पोती दहा रुपये नगाने विकून पैसे भरायला सांगितले. कटिहार जिल्ह्यातला एक शिक्षक डोक्यावर पोती घेऊन बाजारात ओरडून विकताना दिसला, चित्रफीत सगळीकडे फिरली आणि त्याला निलंबित केलं. आमच्या शिक्षकांनी ती पाहिली तेव्हा कुणी फारसं हसलं नाही.

मला भेटलेली सगळ्यात कडक तपासनीस मात्र लेखाशाखेतली नव्हती. एका समितीवर आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या एक बाई होत्या. शाळा सातवीपर्यंत शिकलेल्या. बैठकीत मुख्याध्यापक कीर्द वाचून दाखवत होते, इतरांचं लक्ष चहाकडे. बाईंनी थांबवलं. ‘‘खराटे दोन, दोनशे चाळीस? मी परवाच घेतला, साठला एक. कुठनं आणलेत?’’ मुख्याध्यापकांनी तालुक्याच्या दुकानाचं नाव सांगितलं, जीएसटीचं कारण सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘‘म्हणजे कागद धड व्हावा म्हणून आपण दुप्पट द्यायचे?’’ इतिवृत्तात तो प्रश्न जसाच्या तसा लिहायला मी लावला. त्याच खर्चाची फाइल त्यानंतर दोन लेखापरीक्षणांतून गेली. बिल होतं, क्रमांक होता, सही होती, सगळं नियमात होतं. भाव कुणी विचारला नाही.

इतकी वर्षं या वह्या पाहून माझं मत पक्कं झालं आहे. तीन दरपत्रकं, साठ्याची नोंद, दोन सह्या यांत जाचक काही नाही. सार्वजनिक पैशाला एवढं कुंपण हवंच. जाच होतो तो वेळेचा. जूनमध्ये लागणारा खडू मार्चमध्ये येणाऱ्या पैशातून घ्यायचा म्हटलं की शिक्षक आधी उधारी करतो, मग उधारी झाकायला तारीख बदलतो, आणि तिथून प्रामाणिक माणसाचीही कीर्द खोटी व्हायला लागते. अनुदान शाळा उघडताना द्या आणि मग हवे तेवढे अर्धसमास काढा.

आणि पालकांना एक विनंती. तुमचं मूल जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत असेल, तर समितीच्या पुढच्या बैठकीला जा आणि कीर्द व मागच्या वर्षीची यूसी वाचून दाखवायला सांगा. समिती कायद्याने तुमची आहे आणि अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं हे कलम २१ मध्ये तिचं काम म्हणूनच लिहिलेलं आहे. भाव विचारा.