तीन आणे आणि चोरलेली जात
‘लिहिता हात’ : लेखांक ७

सुरतेतल्या प्रेक्षकाचा हिशोब चोख होता. दोन आण्यांच्या तिकिटात नाटक कंपनी जवळजवळ सहा तास खेळ दाखवते. मग दीड तासात आटोपणाऱ्या, त्यातही मुक्या चित्रासाठी तीन आणे का मोजायचे? पहिल्या दिवशी गल्ल्यात जेमतेम तीन रुपये पडले.

चित्र होते ‘राजा हरिश्चंद्र’. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ते ३ मे १९१३ रोजी मुंबईत, गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लावले होते आणि तिथे ते चालले होते. सुरतेत मात्र गाडी अडली. तिकीट उतरवा नाहीतर खेळ लांबवा, असा सल्ला मिळाला. फाळक्यांनी दोन्ही नाकारले आणि जाहिरात बदलली. ५७,००० छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर फक्त तीन आणे, एवढाच तिचा आशय. त्यानंतर रोजचा गल्ला तीनशे रुपयांपर्यंत चढला, असे सांगितले जाते.

जाहिरातलेखन, म्हणजे धंद्याच्या भाषेत ‘कॉपी’, शिकू पाहणाऱ्याने ही जाहिरात समोर ठेवून बसावे. तिच्यात ‘अपूर्व’ नाही, ‘नयनरम्य’ नाही. प्रेक्षक पैसे आणि तास यांचा मेळ घालत होता. त्याला ‘असे मोजू नका’ म्हणून सांगितले असते तर तो शांतपणे नाटकाला निघून गेला असता. फाळक्यांनी त्याला मोजायलाच दुसरी वस्तू दिली. तीन आण्यांत तास किती, या प्रश्नाच्या जागी तीन आण्यांत छायाचित्रे किती, हा प्रश्न आला. फाळके स्वतः फोटोग्राफर होते, त्यांनी छापखानाही चालवला होता. एका छायाचित्राची लोकांना किती अपूर्वाई वाटते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

आता या जाहिरातीची जरा तपासणी करू. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रे बसतात. गुणाकार केला की ५९,२०० येतात. म्हणजे सत्तावन्न हजारांचा आकडा हवेतून आलेला नाही. फिल्म हाताळणाऱ्या माणसाने तो काढलेला आहे. दोन मैलांचे गणित मात्र जुळत नाही. दोन मैल म्हणजे १०,५६० फूट आणि ३,७०० फूट पाऊण मैलसुद्धा भरत नाहीत. शिकणाऱ्याने पहिला आकडा घ्यावा आणि दुसरा सोडावा. आज जाहिरातीतल्या दाव्याचा पुरावा मागायला १९८५ पासून ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल आहेच. पण ती नसती तरी पहिला आकडा अधिक जोरकस आहे, कारण तो चित्राच्या पोटातून निघाला आहे.

याच सुरतेत पुढे नाशिककडचाच आणखी एक माणूस पोचला. बाबूराव बागुलांचा जन्म १९३० सालचा, नाशिकजवळच्या विहितगावचा. बालपण मुंबईत माटुंगा लेबर कॅम्पात गेले. रेल्वेतल्या नोकरीसाठी ते सुरतेला गेले, तेव्हा राहायला जागा मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली. ती घुसमट सहन न होऊन त्यांनी नोकरी सोडली. त्या अनुभवाच्या मातीतून ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा उगवली आणि १९६३ मध्ये त्याच नावाचा संग्रह आला.

नवा कथालेखक हा विषय हाती आला तर बहुधा काय करील? जात शेवटपर्यंत झाकून ठेवील आणि शेवटच्या पानावर वाचकाला दचकवील. बागुलांनी गुपित थेट शीर्षकातच ठेवले. वाचकाला पहिल्या ओळीआधीच ते कळते. कथेतल्या माणसांना कळत नाही. त्यामुळे नायकाला मिळणारा प्रत्येक मान, आपुलकीचा प्रत्येक शब्द वाचकाला टोचू लागतो. कोणी प्रेमाने विचारपूस केली तरी पोटात गोळा येतो. ‘हा काय लपवतो आहे’ हे कुतूहल दोन पाने टिकले असते. ‘हे कधी फुटणार’ ही धास्ती कथाभर पुरते.

फाळक्यांचे काम आणि बागुलांचे काम, दोन्हींच्या मुळाशी एकच चौकशी आहे: वाचकाला या क्षणी काय माहीत आहे आणि तो मनात कशाचा ताळा करतो आहे? जाहिरातीचा वाचक दाराबाहेर उभा असतो, त्याची शंका फेडून त्याला आत घ्यायचे. कथेचा वाचक आत आलेला असतो, त्याच्या जिवाचा घोर मिटू द्यायचा नाही. हे ज्याला कळले त्याचा हात दोन्हीकडे चालतो, मग शब्दसंग्रह थोडा तोकडा असला तरी.

हे करून पाहायला नाशिककराला द्राक्षबाग पुरे. पेटीवर छापायला मजकूर हवा आहे असे धरा. पहिल्या खर्ड्यात ‘उत्तम दर्जाची, ताजी, रसाळ द्राक्षे’ असे येतेच. हे शब्द शेजारच्या पेटीवरही आहेत, म्हणून ते खोडावेत. मग बागेत जावे आणि विचारावे. फळासाठीची गोडी छाटणी कधी झाली? विरळणीला किती बायका लागल्या? घड कुणी, कशाने कापला? तासाभरात वहीत वीस ओळी होतात आणि त्यांतून एखादी निघते: ‘ऑक्टोबरात छाटणी, फेब्रुवारीत काढणी. मधल्या चार महिन्यांत प्रत्येक घडाला हात लागला आहे.’ आणि हात खरोखर लागले असतील तरच ही ओळ छापावी.

त्याच वहीतून कथाही निघते. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला आहे, मण्यांना तडे गेले आहेत. ‘शेतकऱ्यावर आभाळ कोसळले’ हे वाक्य पहिल्यांदा सुचेल. त्यालाही पेटीवरच्या ‘रसाळ’च्याच रांगेत बसवावे. त्याऐवजी: ‘व्यापाऱ्याची गाडी बांधावरूनच वळली. आबांनी शेडमधले रिकामे क्रेट मोजले. एकशे चाळीस. सकाळीही एकशे चाळीसच होते.’ दुःख हा शब्द कुठे आला नाही. मोजून होण्यासारखे काहीच उरले नसताना मोजणारा माणूस तेवढा दिसला. आकडा इथेही आहे, पण तो फाळक्यांच्या आकड्याच्या उलट दिशेने चालतो. तिथे त्याने तिकीट स्वस्त वाटायला लावले, इथे तो काही विकत नाही, आबांचा हात रिकामा आहे एवढेच दाखवतो.

नव्या कथाकारांना एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्या कथासंग्रहाचा विचार करणाऱ्यांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने बागुलांच्या नावाने पुरस्कार ठेवला आहे, तो नवोदिताच्या पहिल्या पुस्तकालाच मिळतो. तिथवर जाण्याआधी या आठवड्यात एवढे करावे: घरातली किंवा दुकानातली एक वस्तू घ्यावी, तिच्याबद्दल वीस खऱ्या गोष्टी विचारून लिहाव्यात, त्यांतल्या एकीची दोन ओळींची जाहिरात करावी आणि दुसरीचा दहा ओळींचा प्रसंग. दोन्ही मोठ्याने वाचून कुणाला तरी ऐकवावे आणि ऐकणाऱ्याने मधेच काय विचारले ते समासात टिपून ठेवावे.

पुढच्या आठवड्यात संवाद. त्यासाठी नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात इंग्रजी शिकवता शिकवता नाटके लिहिणाऱ्या वसंत कानेटकरांकडे जायचे आहे; ‘रायगडाला जेव्हा जाग येते’चा पहिला अंक तेवढा वाचून ठेवावा.